स्पेलिंगमास्तरांचे सात हजार शब्द

लोकांना सांगितलं की हसतात, पण मी एकतीस वर्षं इंग्रजी टाइप केलं आणि त्यातलं काहीही वाचलं नाही. वाचायला लागलं की वेग मरतो. डोळ्यांनी अक्षर उचलायचं, बोटांनी खाली ठेवायचं, मध्ये डोक्याला येऊ द्यायचं नाही. डोकं तेवढ्यात घरी जाऊन यायचं. गॅस बंद केला का, धाकटीचा ताप उतरला का, असलं सगळं बघून यायचं. पंधरा पानांचं टेंडर संपवल्यावर कोणी विचारलं असतं, बाई, यात लिहिलंय काय, तर मी म्हटलं असतं, पंधरा पानं लिहिली आहेत. आमच्या टायपिंग सेक्शनमध्ये आठ टेबलं होती आणि आठही जणांची हीच तऱ्हा होती. साहेबांना माहीत होतं, शिपायाला माहीत होतं. बाहेरच्यांना माहीत नव्हतं, आणि आम्ही कशाला सांगायला जातोय? झाकली मूठ सव्वा लाखाची.

स्पेलिंगमास्तर माझ्या डावीकडच्या टेबलावर बसायचे. ते काही कुठल्या शाळेत मास्तर नव्हते, माझ्यासारखेच टायपिस्ट होते. पण साहेबांनी केबिनमधून ओरडून कुठल्याही शब्दाचं स्पेलिंग विचारावं, आणि मास्तरांनी बोटं न थांबवता सांगावं, दोन सी, दोन एम, पुढे ओ. एकदाही चुकले नाहीत. शाळेत इंग्रजीत दोनदा नापास झालेला हा माणूस, पण बोटांना सगळं पाठ. साहेबांनी अर्थ कधी विचारला नाही आणि मास्तरांनी कधी सांगितला नाही. एवढ्यावर त्यांचं नाव पडलं ते पडलंच.

राहायलाही ते आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, माझ्या दारासमोर त्यांचं दार. ऑफिसात डावीकडे आणि घरी समोर. लग्नाच्या नवऱ्यापेक्षा जास्त वेळ मी या माणसाचं तोंड पाहिलंय, आणि ते काही फार बघण्यासारखं नव्हतं. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं, बोलणं कमी. बोलायचं काम वहिनींकडे होतं. वहिनी म्हणजे त्यांची बायको. त्या जिना चढत असल्या की तीन मजल्यांना कळायचं.

इमारतीत इंग्रजी कागद आला की तो मास्तरांकडे जायचा. बँकेची नोटीस, शाळेचं पत्र, विम्याचा फॉर्म, खोकल्याच्या औषधातली चिठ्ठी. मास्तर चष्मा पुसायचे, कागद खिडकीशी न्यायचे, ओठ हलवत वरून खालपर्यंत बघायचे आणि मग तीनपैकी एक वाक्य बोलायचे. "रुटीन आहे." "सही करून टाका." किंवा "एकदा ऑफिसात जाऊन विचारून घ्या." लोक समाधानाने परत जायचे. मला काय येतं ते मला ठाऊक होतं, आणि मास्तरांना माझ्यापेक्षा जास्त कुठून येणार, एवढं गणित मला करता यायला हवं होतं. पण नाही केलं. उलट मीच जिन्यात उभी राहून बढाया मारायचे. त्यांचा मुलगा अभ्यास सोडून क्रिकेट खेळत असला की म्हणायचे, "अरे, बाप घरात चालताबोलता शब्दकोश आहे, जरा शीक त्यांच्याकडून! साहेबाला येत नाही एवढं इंग्रजी तुझ्या बाबांना येतं." ओळखीच्या माणसाचं कौतुक केलं की थोडं आपल्याही अंगावर पडतं, त्यातला प्रकार.

तर वहिनींच्या पोटात दुखायला लागलं त्या वर्षी मुलाचं लग्न ठरलेलं होतं. पाच आठवडे राहिले होते. डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली, वहिनी ती करून आल्या आणि तेवढ्यात डॉक्टर पंधरा दिवसांच्या सुट्टीवर गेले. रिपोर्ट घरी आला, पाकिटात, दोन पानं, सगळं इंग्रजी. मास्तरांनी तो खिडकीशी नेला. संध्याकाळी वहिनी चहा घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "हे म्हणतात, थोडी सूज आहे. वाटलं तर पुढे कधीतरी आणखी तपासून घ्या, असं लिहिलंय. सुटले बाई! लग्नाच्या गडबडीत आता कुठे सुया टोचून घेत बसू?" त्यांनी ते पाकीट माझ्याही हातात दिलं होतं. मी न उघडता परत दिलं. मास्तरांनी वाचलंय म्हटल्यावर मी काय वाचायचं?

लग्न झालं. वहिनी सगळ्यांत पुढे होत्या, मिरवल्या, पाहुण्यांना हाताला धरून जेवायला बसवलं. मग हळूहळू त्यांचे कपडे त्यांना सैल व्हायला लागले. दुखणं अंगावर काढत सात महिने गेले, आणि एक दिवस त्या स्वयंपाकघरात खालीच बसल्या. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. सोबत बाईमाणूस हवं म्हणून मीही होते. तरुण डॉक्टरीण होती. तिने जुना रिपोर्ट उलगडला, वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाली, "हा सात महिन्यांपूर्वीचा आहे. यात स्पष्ट लिहिलंय की ताबडतोब तुकडा काढून तपासणं अत्यावश्यक आहे. हा कोणी वाचलाच नाही का?"

मुलगा वळला. "बाबा, तुम्ही वाचला होता ना?"

मास्तर म्हणाले, "वाचला होता."

एवढंच. वहिनींनी त्यांच्या बाहीला धरलं आणि म्हणाल्या, "जाऊ द्या हो." डॉक्टरणीने मान खाली घालून लिहायला घेतलं.

त्या दिवशी जिन्यात मुलगा मला म्हणाला, "मावशी, सात महिने मागे मोज. माझं लग्न तोंडावर होतं. बाबांनी सगळं वाचलं आणि दडवलं, लग्न मोडू नये म्हणून. माझ्यासाठी." मी म्हटलं, असं बोलू नये रे. पण खरं सांगते, मलाही तेच वाटलं. दुसरं वाटणार काय? माणसाला इंग्रजी येतं, माणूस म्हणतो रिपोर्ट वाचला होता, आणि बायकोला सांगतो सूज आहे. माझं डोकंच फिरलं. वर्षभर मी मास्तरांशी कामापुरतं बोलले.

वहिनींनी अकरा महिने काढले. त्या गेल्यावर मुलाने दुसऱ्या शहरात नोकरी घेतली आणि बायकोला घेऊन गेला. महिन्यातून एकदा फोन यायचा, तोही दोन मिनिटांचा. जिन्याची भिंत पातळ आहे आणि त्यांच्या फोनचा आवाज मोठा, मला दोन्हीकडचं ऐकू यायचं. औषधं घेताय ना? हो. पाणी येतंय ना? हो. ठेवतो. मास्तर फोन ठेवल्यावरही तिथेच उभे राहायचे, हे मला कळायचं, कारण त्यांची पावलं वाजायची नाहीत.

मग मास्तरांनी डिक्शनरी आणली. रद्दीच्या दुकानातून, उशीएवढी जाड, कव्हर नसलेली. रिटायर व्हायला वर्षभर होतं. मी म्हटलं, "आता या वयात कसली परीक्षा देताय?" तर म्हणाले, "रोज पाच शब्द करायचे ठरवलंय." ठरवलंय तर ठरवलंय. दुःखात माणूस काहीतरी धरून बसतो, कोणी झाडं लावतो, कोणी मांजर पाळतो, यांनी शब्द पाळले.

साधेसुधे शब्द नव्हते हं. सोपे त्यांनी आधी गाळले. जे साहेबलोक भाषणात वापरतात, जे पेपरच्या अग्रलेखात असतात, ज्यांच्यापुढे आपण अडखळून पुढे जातो, असले भारी शब्द. वहिनींच्या औषधांची रिकामी खोकी घरात ढिगाने पडली होती. ती कापून त्यांनी पट्ट्या केल्या. एका बाजूला औषधाचं नाव छापलेलं, दुसऱ्या कोऱ्या बाजूला शब्द आणि खाली बारीक अक्षरात अर्थ. त्या पट्ट्या भिंतीवर चिकटवायला लागले. आधी आरशाभोवती, मग शेगडीच्या वर, मग न्हाणीघराच्या दारावर. दोन खोल्यांचं घर ते. चौथ्या वर्षी त्या घरात भिंत दिसायची नाही. पट्ट्यांवर पट्ट्या, जागा संपली तशा दोऱ्यात ओवून टांगलेल्या. मी हिशेब विचारला तर म्हणाले, सात हजारांच्या वर गेलेत.

त्यांचा एक नियम होता. शब्द पाठ झाला म्हणजे आला असं नाही, कोणाशी तरी बोलताना वापरला की आला. आता वापरायचा कोणाशी? वॉचमनला एकदा म्हणाले की तुझा वक्तशीरपणा 'एक्झेम्प्लरी' आहे, म्हणजे आदर्श. त्या बिचाऱ्याला वाटलं तक्रार झाली. आठवडाभर तो अर्धा तास आधी यायला लागला आणि मला विचारायचा, मावशी, साहेब अजून रागावलेत का? दूधवाल्याला त्यांनी दूध पातळ असणं 'इनएव्हिटेबल', म्हणजे अटळ, आहे का विचारलं, तर तो म्हणाला, नाही साहेब, गाईचंच आहे. मला सुरुवात केली तेव्हा मी सांगून टाकलं, "मास्तर, माझ्याशी सरळ बोलायचं, नाहीतर चहा बंद." मग माझ्यावरचा प्रयोग थांबला.

पण नियम तर पाळायचाच होता. दुपारी चारच्या सुमाराला त्यांच्या घरातून इंग्रजी बोलणं ऐकू यायचं. पहिल्यांदा मला वाटलं कोणी पाहुणा आलाय. दार लोटून बघते तर टेबलाशी मास्तर एकटे, समोर रिकामी खुर्ची. प्रश्नही तेच विचारत होते आणि उत्तरही तेच देत होते. उत्तर देताना आवाज जरा बारीक करायचे. मी तशीच मागे फिरले. बाई गं, तो आवाज माझ्या कानातून दोन दिवस गेला नाही.

जगाला मात्र त्याचं केवढं अप्रूप! बँकेच्या परीक्षा देणारी इमारतीतली पोरं त्यांच्याकडे यायला लागली. वाचनालयाने शब्दांची स्पर्धा घेतली, त्यात चाळीस पोरांमध्ये हा एक म्हातारा पहिला आला. वाचनालयाच्या पत्रिकेत फोटो छापून आला. माझ्या नवऱ्याने हौसेने त्या फोटोचा फोटो काढून मास्तरांच्या मुलाला पाठवला. मुलाचं उत्तर आलं, "छान."

मला खरं कळलं ते एका दुपारी. आमच्या दाराची कडी निसटली होती म्हणून मी स्क्रू-ड्रायव्हर मागायला गेले. मास्तर म्हणाले, कपाटात असेल, बघा. वहिनींचे कपडे होते ते कपाट. आता रिकामं. दार उघडलं तर आतल्या बाजूला एकच पट्टी चिकटवलेली. 'इम्परेटिव्ह'. खाली अर्थच नव्हता.

"मास्तर, इथे अर्थ लिहायचा राहिला वाटतं."

ते खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "तो लिहायची गरज नाही, बाई."

आणि मग सांगितलं. पहिल्यांदा, साडेपाच वर्षांनी. रिपोर्टात तो शब्द होता. तुकडा काढून तपासणं 'इम्परेटिव्ह' आहे, म्हणजे अत्यावश्यक. "मी तो सात-आठशे वेळा टाइप केला असेल. टेंडरच्या प्रत्येक पानावर असायचा. 'इट इज इम्परेटिव्ह दॅट' करून वाक्य सुरू व्हायचं. मला वाटायचं शोभेचा शब्द आहे. आपण पत्रात 'सविनय' लिहितो ना, तसा. मी तो सोडून बाकीचं वाचलं. बाकीचं म्हणजे तरी काय, निम्मं अंदाजाने. सूज कळली. तपासणी कळली. मग म्हटलं, वाटलं तर तपासून घ्या म्हणत असतील."

मी उभीच होते. माझ्या तोंडून निघालं, "म्हणजे तुम्ही दडवलं नाहीत?"

"दडवायला आधी कळायला लागतं."

मला रडू यायच्या आधी संताप आला, माझं हे असंच आहे. म्हटलं, "मग डॉक्टरणीसमोर वाचा बसली होती का तुमची? पोरगा समोर उभा राहून विचारतोय, तुम्ही म्हणता वाचला होता! तो तुम्हाला आईचा जीव घेणारा समजतोय!"

"समजू दे."

"समजू दे?"

"काय सांगू त्याला? तीस वर्षं इंग्रजी टाइप करणाऱ्या बापाला स्वतःच्या बायकोचा कागद वाचता आला नाही? इमारतीतल्या सगळ्यांना रुटीन आहे, रुटीन आहे म्हणून सांगत होतो, ते सगळं थापा होत्या? बाई, वाईट बाप म्हणून तो माझ्यावर चिडेल. चिडणं परवडतं. पण त्याला माझी कीव आली तर मी तोंड कुठे लपवू?"

"आणि हे काय मग?" मी भिंतींकडे हात केला. "हे सात हजार? वरातीमागून घोडं?"

मास्तर म्हणाले, "आता कोणी कागद आणला तर मला खरंच वाचता येतो. तेवढं तरी."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं काहीतरी मी फाडकन बोलले, आणि निघून आले. कडी तशीच लोंबकळत राहिली. तीन आठवडे मी त्यांना चहा दिला नाही. चौथ्या आठवड्यात द्यायला लागले, कारण त्यांनी चहा पिणंच सोडलं होतं, हे मला त्यांच्या केरावरून कळलं. पण बोलणं एकच. रोज कप ठेवला की मी म्हणायचे, "सांगा त्याला." आणि ते रोज मान हलवायचे, नाही.

मग सून आली. मावसबहिणीला बघायला या शहरात आली होती, जाताना तासभर सासऱ्यांना भेटली आणि मग माझ्याकडे पाणी प्यायला म्हणून थांबली. पोरगी गुणी आहे, तोंडाळ नाही. ग्लास हातात फिरवत म्हणाली, "मावशी, तुम्हाला म्हणून सांगते. आमच्या लग्नाचा वाढदिवस आम्ही कधीच करत नाही. त्या दिवशी हा सकाळीच बाहेर पडतो. अल्बम मी एकदा काढला तर म्हणाला, आत ठेव, त्यात आई हसतेय. मूल नको म्हणतो. म्हणतो, माझ्या एका सुखासाठी आई गेली, आता आणखी सुख नको. मी काय करू?"

मी तिला काय सांगणार? माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. पण सांगायचं होतं ते मास्तरांनी. ती रिक्षात बसली तशी मी समोरच्या दारात जाऊन जे आहे ते मास्तरांच्या तोंडावर सांगितलं.

ते पट्टी कापत होते. कात्री तशीच राहिली. "तो मला दोष देतो," ते म्हणाले.

"तुम्हाला देतो तो वरवरचा. आतला स्वतःला देतो. त्याला वाटतं त्याच्या लग्नापायी झालं."

"पण लग्नाचा काय संबंध? मला लग्न आठवलंसुद्धा नव्हतं."

"हे मला काय सांगता?"

त्यांचा चेहरा असा पांढराफटक पडला की मीच घाबरले. इतकी वर्षं या माणसाला वाटत होतं, आपला गर्व आपल्यालाच महाग पडतोय. पोराच्या ताटातही ते वाढलं गेलंय, हे त्याच्या गावीही नव्हतं. मास्तर उठले, फोनपाशी गेले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा इकडून तिकडे फोन लागला. "ये," एवढंच म्हणाले. "शनिवारी ये. काम आहे."

शनिवारी मुलगा आला. केस कानाशी पिकलेले, अजून चाळिशीही नाही. मास्तरांनी मला थांबायला सांगितलं होतं, म्हणून मी दाराशी स्टुलावर बसले. सकाळपासून मास्तर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. बोलले मात्र अगदी सरळ, एकही भारी शब्द न वापरता. रिपोर्ट आला, खिडकीशी नेला, 'इम्परेटिव्ह' हा एक शब्द आला नाही, विचारायची लाज वाटली, अंदाजाने सांगितलं. "तुझ्या लग्नाचा त्यात काडीचा संबंध नाही. मला इंग्रजी येत नव्हतं. एवढंच. डॉक्टरांसमोर बोललो नाही ती दुसरी चूक. तुझा दोष काहीच नाही."

मुलगा ऐकत होता. ऐकता ऐकता त्याची नजर भिंतींवरून फिरत होती, आरशापासून शेगडीपर्यंत, शेगडीपासून दारापर्यंत. मग त्याने विचारलं, "ही तुमच्याकडे येऊन गेली ना मागच्या आठवड्यात? तिने सांगितलं तुम्हाला माझ्याबद्दल."

"हो. म्हणूनच..."

"म्हणूनच हे," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. "बाबा, तुम्हाला इम्परेटिव्ह येत नव्हता? तुम्हाला?" तो उठला, भिंतीवरची एक पट्टी उचकटली, जवळ धरली, लांब धरली. "हा शब्द मला नीट वाचताही येत नाही. आणि मी दिवसभर इंग्रजीत काम करतो."

"हे सगळं नंतरचं आहे रे! आई गेल्यानंतरचं!"

"आणि आधी तीस वर्षं ऑफिसात काय करत होता?"

"न वाचता टाइप करत होतो!"

मुलगा हसला. वाईट नाही हसला, लहान मूल काहीतरी बोललं की हसतात तसा. "न वाचता कोण टाइप करतं, बाबा?"

माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, "अरे खरंय! सगळे करतात. आमचा अख्खा सेक्शन करायचा. मी एकतीस वर्षं केलं. तुझ्या गळ्याची शपथ, एक ओळ मला कळलेली नाही!"

त्याने माझ्याकडे बघितलं. "मावशी, शब्दकोश म्हणायचीस तू त्यांना. जिन्यात ओरडून." मग पुन्हा वडिलांकडे वळला. "तुम्ही दोघांनी बसून ठरवलंत, कळतंय मला. पण माझ्यासाठी एवढं नका करू."

आणि तो मास्तरांच्या पायाशी खाली बसला, त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि रडायला लागला. म्हणत होता, "मी फार तोडून बोललो तुमच्याशी. तुम्ही माझं लग्न सुखाचं व्हावं म्हणून एवढं मोठं ओझं एकट्याने घेतलंत, आणि आता माझ्या डोक्यावरचं उतरावं म्हणून स्वतःला अडाणी म्हणवून घेताय. मला माफ करा, बाबा."

मास्तर ओरडले. मी त्यांना आयुष्यात ओरडताना ऐकलं नव्हतं. "अरे, मला खरंच येत नव्हतं!"

"बरं, बरं," मुलगा म्हणाला, आणि त्यांचा हात धरून थोपटायला लागला.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. सात हजार शब्द त्या घरात चिकटवलेले, आणि त्या माणसाला एक सापडेना. मलाही सापडेना, आणि माझं तर तोंड कधी बंद नसतं. मग त्यांनी दुसरा हात हळूच मुलाच्या डोक्यावर ठेवला. इतक्या वर्षांनी पोर जवळ आलं होतं, त्याला ढकलायचं कसं?

त्यानंतर मास्तरांनी नवीन पट्टी कापली नाही. कोणी कागद घेऊन आलं की आता स्वच्छ सांगतात, यातलं एवढं कळलं, एवढं नाही, दुसऱ्या कोणाला तरी विचारा. लोक खाली जिन्यात म्हणतात, बघा, एवढा विद्वान माणूस, पण गर्व म्हणून नाही! मी ऐकते आणि दार आपटते.

सुनेला मी विचारलं, अल्बम बाहेर काढला का गं? म्हणाली, नाही मावशी, आतच आहे. पण बाबांबद्दल आता फार चांगलं बोलतो.

फोन आता दर रविवारी येतो, चांगला अर्धा तास चालतो. मुलगा हवापाणी विचारतो, गुडघा विचारतो, पुढच्या महिन्यात येतो म्हणतो आणि येतोही. मास्तर सगळ्याला नीट उत्तरं देतात. आणि दर रविवारी, फोन ठेवायच्या आधी, एकदा तरी म्हणतात, "खरंच सांगतो, मला तो शब्द येत नव्हता रे."

मुलगा तिकडे मोठ्याने बोलतो, मला इथे ऐकू येतं. म्हणतो, "हो बाबा. जेवलात ना?"